दूध सोडायला गेलो आणि पदर घेतला

समस्त आप्तेष्ट, शेजारी, आमचा दूधवाला आणि कोपऱ्यावरचा अंडीवाला यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, दूध, दही, तूप, अंडी, मध आणि मटण यांचा त्याग करायचा की नाही, याचा अंतिम निकाल देण्यासाठी प्रस्तुत इसम इंदापूर तालुक्याकडे प्रस्थान ठेवीत आहे. निकाल लागेपर्यंत सर्वांनी शांतता राखावी.

हे निवेदन मी पुण्यात, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, शाल पांघरून वाचलं. माझी बायको वृंदा भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "निकाल काहीही लागू दे, तुझा स्वयंपाक तूच करायचा."

या खटल्याला कारण आमची कन्या. ती बंगळूरला असते आणि तिनं दूध-मांस केव्हाच सोडलंय. दर रविवारी फोनवर ती मला एकच प्रश्न विचारते, "बाबा, नर वासरू कुठे जातं?" आणि मी दर रविवारी तिला हवामान विचारतो. शेवटी ठरवलं, की जिथून दूध येतं तिथंच जाऊन बघावं. सणसरला माझा होस्टेलचा मित्र दत्ता राहतो. ऊस आहे, दोन गाई आहेत आणि माझे सगळे अवगुण त्याला तोंडपाठ आहेत.

स्वारगेटला एसटीत बसलो आणि कोर्ट भरवलं. खिडकीच्या बाजूला त्यागाचा वकील, वाटेच्या बाजूला भोगाचा. त्यागाचा वकील म्हणाला, जनावराला दुखतं, हे तुला माहीत आहे. शिवाय तुझा रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी कसं तोंड केलं होतं ते आठव. भोगाच्या वकिलानं काहीच युक्तिवाद केला नाही. त्यानं नुसती पुरणपोळी समोर धरली आणि तिच्यावर तूप सोडलं. बारामती येईपर्यंत मी दोघांनाही टाळ्या दिल्या.

बारामतीच्या स्टँडबाहेर गाड्यावर चहा मागितला, दूध न घालता. चहावाल्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"पोट बिघडलंय का?"

"नाही हो. दूध सोडायचा विचार चाललाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझा मीच."

तो गंभीर झाला आणि आत वळून ओरडला, "आरं, पावण्यास्नी लिंबू पिळून दे रं. लय ताण घेतलाय त्यांनी!"

दत्ता मोटरसायकल घेऊन आला. भरघोस मिशा, पांढरा शर्ट आणि पाठीत गुद्दा मारून स्वागत करायची तीच जुनी पद्धत. सणसरला जाण्याआधी वाट वाकडी करून त्यानं मला कन्हेरीला नेलं. तिथं त्याच्या मामांचा, म्हणजे आबांचा, भाजीपाला आहे. ठिबकच्या नळ्यांवर वांगी, मिरच्या, टोमॅटो अशी काही झळकत होती, की मला प्रत्येक वांग्याशी हस्तांदोलन करावंसं वाटलं.

जेवण शेतातच. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि वर कच्चं तेल घातलेला खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला वाचा गेली, तिसऱ्याला परत आली आणि मी उठून उभा राहिलो.

"आबा, निकाल लागला! या ताटात एकही जनावर नाही आणि तरी मी स्वर्गात आहे!"

आबांनी शांतपणे भाकरी मोडली. "जनावर न्हाय कसं? ह्या वांग्यात दत्तूच्या गाई हायेत की. दर साली तितनं शेणखत येतं म्हणून हे वांगं असं चमाकतंय."

"पण आबा, शेण सोडतो असं मी कुठं म्हटलंय?"

"व्हय व्हय," आबा म्हणाले, "म्हंजी दूध सोडून श्याण धरणार म्हणा की तुमी!"

दत्ताला हसताना ठसका लागला. पुढच्या वाटेवर जो कुणी ओळखीचा भेटला, त्याला गाडी थांबवून त्यानं हे सांगितलं. कालव्याच्या पुलावर एकानं तर मला नमस्कारच केला.

सणसर जवळ आलं तसा दोन्ही बाजूंनी ऊस अंगावर यायला लागला. उसाच्या मधोमध दत्ताचं घर, घरामागं गोठा आणि गोठ्यात दोन संकरित गाई. एक गरीब, जिला नाव ठेवायची कुणाला गरज वाटली नव्हती. दुसरी चंपा. काळीपांढरी, भरदार, आणि नजर अशी, की मी आपोआप शर्टाचं वरचं बटण लावलं.

दत्ताच्या आईनं, आक्कांनी, खाट टाकली. सुनंदावहिनींनी चहा आणला. अर्थातच घट्ट दुधाचा. मी हात जोडले आणि माझं निवेदन पुन्हा एकदा, यावेळी शालीशिवाय, सादर केलं. मनात धाकधूक होती. ज्या घराचा किराणा दुधावर येतो, त्या घरात हे बोलणं म्हणजे गवयाच्या घरी जाऊन कानात बोटं घालणं.

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. "भावजी, खरंच सोडणार? आन् बाकीचे लोक? सगळ्यांनी सोडलं तर लय बरं हुईल बगा."

"तुम्हाला गाईंची दया येते?"

"माझी येती!" वहिनी म्हणाल्या. "चंपीला माझ्याबिगर कुणाचा हात चालत न्हाय. ह्यांनी हात लावला की लाथ. मशीन लावलं तर मशीनला लाथ. सकाळ-संध्याकाळ धार काढायची (दूध काढायचं) तर मीच. लग्न झाल्यापास्नं म्हायेरी जाती, आन् दिवस मावळायच्या आत पळत येती. चंपीच्या आदी तिची आय हुती, तीबी अशीच. उद्या भावाची वास्तुशांत हाय कऱ्हाटीला. समद्या भणी राहणार, रातभर गप्पा मारणार. आन् मी? पुरणाचा घास तोंडात आन् पाय मोटरसायकलवर."

"एखादी वेळ नाही काढली तर?" मी विचारलं.

तिघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच लहान झालो. सड ठणकतात, कास सुजते, गाय तापानं फणफणते. हे आक्कांनी मला समजावलं. मग माझी हिंमत वाढली, की काय झालं कोण जाणे, मी मुलीचा प्रश्न विचारला. "चंपाचं वासरू कुठे आहे?"

"गोऱ्हा हुता," दत्ता म्हणाला. गोऱ्हा म्हणजे नर वासरू. तो मिशीवरून हात फिरवत उसाकडे बघत राहिला. "व्यापारी घिऊन गेला. पोसायचं परवडत न्हाय, सुध्या."

"आणि व्यापारी कुठे नेतो?"

"इचारत न्हाय आमी."

वहिनी कपबशा घेऊन आत गेल्या. गरीब गाय रवंथ करत होती. मी हवामान विचारलं नाही.

आक्कांनी विषय परत चंपाच्या लाथेवर आणला. "आमच्या गावाला एक गाय अशीच द्वाड हुती. धनीण बाळतपणाला गेली तर धन्यानं तिचं लुगडं नेसून धार काढली. गाईला वास लागतो, माणूस न्हाय."

सगळ्यांच्या नजरा दत्ताकडे वळल्या. तो खाटेवरून उठलाच. "ए आई! सोसायटीच्या मीटिंगला जातो मी! गावात तोंड दावायचं हाय मला!"

वाचकहो, आयुष्यात माणसाला हाक येते ती अशी. कॉलेजच्या गॅदरिंगला मी नायिकेचं काम केलं होतं आणि पहिल्या रांगेतले प्राचार्य गहिवरले होते. "वहिनी," मी गरजलो, "तुमचं रोजचं लुगडं आणा! धार दत्ता काढील. चंपासमोर उभी राहीन मी!"

वहिनी दारात आल्या. हसू दाबत होत्या, पण डोळे हसत नव्हते. "थट्टा न्हाय ना भावजी? मी तितं थांबले आन् हितं चंपीनं घोटाळा केला तर?"

"तर फोन. भाऊ तुम्हाला परत आणून सोडील. नाही केला, तर रातभर गप्पा."

दुसऱ्या दिवशी सकाळची धार काढून वहिनी कऱ्हाटीला गेल्या. पिशवीत पहिल्यांदाच दुसरी साडी होती. फाटकापाशी जाऊन त्या चंपाकडे परत आल्या, मग परत फाटकापाशी गेल्या. दत्ताची गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्या मागं वळून बघत होत्या.

दत्ता त्यांना सोडून परतला आणि संध्याकाळी आक्कांनी मला नेसवलं. पेंड, शेण, घाम आणि धूर अशा सगळ्या वासांनी भिजलेली ती जांभळी पातळ साडी. पदर डोक्यावरून दाढीपर्यंत ओढला. दत्ता भिंतीला टेकून पोट धरून हसत होता. "चल," मी म्हणालो, "आणि माझ्याकडे वाईट नजरेनं बघू नकोस."

चंपानं मला पाहिलं. कान ताठ केले. पदर हुंगला, मनगट हुंगलं, मग थेट तोंडाशी नाक आणून फुसकारली. मला त्या फुसकारण्यात नापसंती दिसली. दत्तानं कासेला हात लावला मात्र, मागचा पाय उचलला गेला. बादली कलंडली, दत्ता उडी मारून खुंट्यापाशी.

"झालं! लावू फोन?"

"थांब!" मी म्हणालो. वहिनी धार काढताना काय करतात ते आक्कांना विचारलं. "बोलती," आक्का म्हणाल्या. "दिवसभराचं समदं तिला सांगती. आमाला न्हाय सांगत ते बी."

मग मी नाजूक आवाज काढला. चंपाची मान खाजवत तिला सांगितलं, की बाई गं, भावाच्या नव्या घरात आज सनई लागली असेल. सगळ्या बहिणी ओळीनं पडल्या असतील, कुणाचे पाय कुणाच्या अंगावर. किती वर्षांनी गं. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "सुनंदे, गेली न्हाईस व्हय कऱ्हाटीला?" मी पदर आणखी ओढून मान हलवली. "बरं न्हाय का गं? आंगानं लय भरलीयास!"

मी हसू आवरत चंपाच्या मानेत तोंड खुपसलं. आणि तिनं एक लांब श्वास सोडला. कास भरून आली. गाय पान्हवली (दूध खाली उतरवलं). बादलीत पहिली धार वाजली, मग दुसरी, मग दत्ताच्या दोन्ही हातांनी सूर धरला. फेस वर चढत गेला. आक्का गोठ्याच्या दारात पदर तोंडाशी धरून रडत होत्या, की हसत होत्या, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

फोन केला, पण वेगळा. "थांबा वहिनी!" मी ओरडलो. पलीकडे सगळ्या बहिणी एकदम किंचाळल्या.

सकाळीही चंपानं साथ दिली. दत्ताला आता साडीची सवय झाली होती, आणि मलाही, हे जरा काळजीचं होतं. मग साडी उतरवून, आक्कांच्या पाया पडून, मी निघालो. पुण्याला जाणारी वाट कऱ्हाटीवरूनच करायची ठरली, म्हणजे दत्ताला वहिनींना घेता येईल.

मागच्या सीटवर बसून मी कोर्ट पुन्हा भरवलं. भोगाच्या बाजूनं आता तूप नव्हतं. वहिनींचं घर होतं, आबांची वांगी होती आणि माझ्या गालावरचा चंपाचा उष्ण श्वास होता. त्यागाच्या बाजूनं फक्त उसाकडे बघत राहिलेला दत्ता होता. दत्ता माझा मित्र आहे, खोटं बोलता येत नाही म्हणूनच तो 'इचारत न्हाय' म्हणाला. मी निकाल दिला. मटण आणि अंडी सोडली. दूध, दही आणि मधही सोडलं. तुपाच्या नावानं मात्र रस्त्यातल्या एका वळणावर मी मोठा सुस्कारा टाकला, तर दत्तानं विचारलं, "काय रं, खड्डा लागला का?" मी त्याला निकाल सांगितला. त्यानं गिअर बदलला आणि म्हणाला, "तू सोड. पण येत जा."

कऱ्हाटीला दारात अजून आंब्याचं तोरण ताजं होतं. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या, केस मोकळे, चेहरा झोपेनं सुजलेला, ऊन अंगावर घेत. बहिणींनी मला गराडा घातला. कुणी तुपातला शिरा पुढं केला, मी हात जोडले आणि वाटीकडे न बघता चंपाची कथा सांगितली, अभिनयासह. शेजारीण केली, फुसकारणं केलं, दत्ताची उडी केली. ओटा हसून कोसळायचा बाकी होता.

"आन् सकाळी?" वहिनींनी विचारलं.

"सकाळीसुद्धा बादली भरली. तुमची सुटका झाली वहिनी! आता वाटेल तेव्हा माहेरी राहा. साडीत कुणीही उभं राहिलं तरी चालतं तिला."

बहिणींनी टाळ्या वाजवल्या. एकीनं वहिनींच्या गळ्यात हात टाकला. वहिनीही हसल्या, मोठ्यानं हसल्या. मग हसता हसता एकदम थांबल्या आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"म्हंजी येकदाबी हंबरली न्हाय व्हय ती माझ्यासाठी?"