काकींचा दाणा

सातवीत शाळा सुटली तेव्हा वाटलं होतं, आता पेनाशी आपला संबंध संपला. पण सांगलीकडून गोंदियाला मिशनच्या स्वयंपाकघरात कामाला आले आणि किराणाच्या यादीतलं माझं अक्षर पाहून तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे पाद्रींनी, मला बायबलच्या भाषांतराच्या टेबलाशी बसवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. तरी रोज धडधड असायची : एक चूक, की परत चुलीपाशी.

वर्षभर नकला उतरवल्यावर त्यांनी मला एक अवघड वचन दिलं. दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. खेड्यातल्या माणसाला एकदा ऐकून कळेल असं लिहायचं. मी आठ दिवस घासलं.

आमची रीत अशी, की लिहिलेलं जवळच्या दवनीवाडा गावातल्या एका काकींना वाचून दाखवायचं. काकी धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवणाऱ्या, अक्षरओळख नाही. आपण काही समजावायचं नाही. त्यांनी आपल्या शब्दांत सांगायचं आणि ते शब्द वहीत उतरवायचे.

मी वाचलं. काकी हसल्या.

"मेला धान उगवते का वं बाई? तुह्या गावात उगवत असंन!"

"तसंच आहे ते, काकी."

"कधी पऱ्हा उपटून पाह्यला का तू? मुळाशी नुसता फोल राह्यते. दाना पुरा सरून जाते, तवा पऱ्हा होते."

सुपारी चघळता चघळता! माझ्या आठ दिवसांची माती झाली. मी जळले. 'दाणा सरून जातो' हे मी माझ्या मजकुरात घातलं आणि वहीत काकींच्या रकान्यात एवढंच लिहिलं : 'समजलं.'

"हे कसं सुचलं तुला?" पाळकसाहेबांनी कौतुकानं विचारलं.

"विचार करता करता," मी म्हणाले.

पुढच्या वाचनाला ते स्वतः बसले. मी वाचलं आणि काकींनी टाळीच वाजवली.

"अवं, हे त माह्यंच बोलनं हाय! साहेब, ही पोरगी किती ध्यान देऊन आयकते बगा. घरी कोनी आयकत नाही माह्यं."

साहेबांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी 'समजलं' खोडलं आणि काकींचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं.

"आता पुढचं वचन घे," ते म्हणाले.

टेबल राहिलं. मत्सर मात्र गेला नाही, उलट वाढला. काकींचं बोलणं घेतलं, तरी त्याच खूश!

संध्याकाळी बांधावर जाऊन मी एक पऱ्हा उपटला. मुळाशी रिकामा फोल होता. रागानं तो पऱ्हा परत चिखलात खोचला.