पॅनलमध्ये न मावलेली खेळाडू

प्रिंट अजून पाण्यात होता, तेवढ्यात भोईरसाहेबांचा फोन आला.

"नुसता फोटो नको. खाली नाव पाहिजे. पाटीवाला आज सगळी नावं मागतोय."

"सात देतो. आठवं उद्या."

"उद्या? रविवारी उद्घाटन आहे. लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. त्या दिवशी बुधवार होता.

संतोष भोईर दापोड्याचे. भाताच्या जमिनीवर त्यांची गोदामं उभी राहिली आणि त्या कमाईतून त्यांनी गावात एक स्पोर्ट्स हॉल बांधला. दर्शनी भिंतीसाठी त्यांना आपल्याच भागातल्या जुन्या खेळांचे आठ मोठे फोटो हवे होते. कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. ते बरोबरच होतं, कारण हे काम आमच्याकडे दुसरं कुणी करत नव्हतं.

धामणकर नाक्याजवळ माझी फोटो लॅब होती. दोन हजारनंतर डिजिटल आलं आणि स्टुडिओवाले जुन्या निगेटिव्ह बाहेर काढू लागले. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये थोडी चांदी असते. ती काढून घेणारे लोक निगेटिव्ह किलोवर घ्यायचे आणि केमिकलमध्ये धुऊन कोरं प्लॅस्टिक करायचे. लग्नांचं ठीक होतं, पण त्यात कुस्त्या, कबड्डी, शाळांच्या स्पर्धाही जात होत्या. मी त्या विकत घ्यायला लागलो. दोन वर्षांत माझ्याकडे पाच ट्रंका झाल्या. त्यातली सगळ्यात चांगली ट्रंक कल्याणच्या एका वारलेल्या वृत्तपत्र-फोटोग्राफरची. त्यांच्या मुलीने ती मला लेखी परवानगीसकट दिली होती.

लोक विचारायचे, जुना फोटो स्कॅन केला की झालं, तुमच्या प्रिंटमध्ये वेगळं काय? फोटोचा फोटो काढला की बारकावे जातात. मूळ निगेटिव्हवरून डार्करूममध्ये प्रिंट काढला, तर बनियनची शिवणसुद्धा दिसते. हा फरक मी गिऱ्हाइकाला तोंडाने सांगत नसे. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवत असे. पुढे बोलावं लागायचं नाही.

आठवा फोटो चाळीसेक वर्षांपूर्वीच्या, मुलींच्या खो-खोचा होता. एका हाताने खांब धरून एक उंच मुलगी हवेत तिरकी झेपावली आहे, दुसरा हात पुढे ताणलेला. खो-खोत पाठलाग करणारी अशी सूर मारून पळणारीला बाद करते. निगेटिव्ह चौकोनी होती. भिंतीवरची पॅनलं मात्र उभी, चार फूट बाय अडीच. म्हणून मी उजवीकडचा भाग सोडून दिला. तिथे निगेटिव्ह फार काळी होती, म्हणजे प्रिंटवर नुसता पांढरा उजेड येणार होता. सूर मारणारी मुलगी आणि खांब, एवढं मला पुरेसं वाटलं. निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलने लिहिलं होतं, 'मुली, खो-खो. सुमन, शेलार.'

नाव होतं, गाव होतं. तसंच पाटीवाल्याला देऊन टाकलं असतं तरी चाललं असतं. पण माणूस जवळपास राहत असेल तर भेटून यायची मला सवय होती. गुरुवारी सकाळी फोटोचा छोटा प्रिंट घेऊन मी शेलारला गेलो. किराणा दुकानात विचारलं, "पूर्वी खो-खो खेळणाऱ्या सुमनताई कुठे राहतात?" दुकानदाराला खो-खोचं काही माहीत नव्हतं, पण गावात राहिलेली, त्या वयाची सुमन एकच होती.

सुमनताई पंचावन्नच्या आसपासच्या. ओट्यावर बोंबील निवडत बसल्या होत्या. मी ओळख सांगितली. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि फोटो घेतला. सूनबाई दारात येऊन उभी राहिली.

"ही मी न्हाय," सुमनताई म्हणाल्या.

"ताई, पाकिटावर नाव तुमचंच आहे."

"आसंल. पन ही मी न्हाय." त्यांनी फोटो माझ्याकडे वळवला आणि उजव्या कडेवर बोट ठेवलं. सूर मारणारीच्या बोटांपुढे एक टाच दिसत होती. तेवढीच. मी ती बघितली होती, पण तिच्याबद्दल काहीच विचार केला नव्हता.

"ही टाच माझी हाय. बाकीची मी कुठं गेली?"

मला लाज वाटली. तीस वर्षं प्रिंट काढतोय आणि ज्या बाईचं नाव लिहायला आलो, तिलाच कापून आणलं होतं.

"कोनी कापला?"

"मीच."

त्या रागावल्या नाहीत. फोटो परत हातात घेतला आणि सांगायला लागल्या. पळतीवर त्या एकट्या उरल्या होत्या. पळती म्हणजे बाद न होता पळत राहण्याची पाळी. समोरची उंच मुलगी खांबावर सूर मारण्यात पटाईत होती, त्या दिवशी तिने सगळ्या खांबावरच बाद केल्या होत्या. "मला कललं व्हतं ती येनार. मी मुद्दाम थांबली. तिनं सूर मारला आनि मी वलली. दोन बोटं राहिली ना, दोन बोटं!"

"मग?"

"मग शिट्टी झाली. जिकलो आमी."

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही खेळायचात? कधी बोलला नाहीत."

"कोनी इचारला?" सुमनताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "फोटूवाला बोलला व्हता, पाठवतो. लगीन झाला, पोरं झाली, फोटू न्हाय आला. पुरा हाय का तुमच्याकडं?"

"आहे," मी म्हणालो. निगेटिव्ह माझ्याकडे होती, एवढं खरं. तिच्या त्या काळ्या भागात चेहरा शिल्लक आहे की नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

लॅबला आलो आणि निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवून भिंगातून बघितली. उजव्या बाजूला धुळीवर थेट ऊन पडलं होतं. त्या उन्हात आकृती होती. प्रिंट काढताना असा भाग पांढरा पडतो, म्हणून बाकीचा कागद हाताने झाकून तेवढ्याच भागाला जास्त वेळ प्रकाश द्यायचा. याला आम्ही बर्निंग म्हणतो. कमी दिला तर चेहरा येत नाही, जास्त दिला तर कोळसा होतो. कागदाच्या छोट्या पट्ट्यांवर वेगवेगळा वेळ देऊन बघितलं. तिसऱ्या पट्टीवर नाक आणि दात दिसले. मुलगी हसत होती.

मी लगेच भोईरसाहेबांना फोन लावला.

"आठवा फोटो बदलतोय. पूर्ण फ्रेम लावावी लागेल. साडेतीन फूट चौकोनी."

"पॅनल उभं आहे, शेठ. सुताराने कापलंय सगळं."

"मग नवं करायला सांगा."

"अहो, ती सूर मारणारी भारी दिसते. खाली सुमन लिहा. कोण बघायला जातंय?"

"सुमन बघेल. ती चार किलोमीटरवर राहते."

त्यांचा आवाज चढला. "उद्घाटनाला मी आठातलं एक पॅनल रिकामं ठेवू?"

"खोटं नाव घालून तो प्रिंट मी देणार नाही. माझा शिक्का असतो मागे. उद्या संध्याकाळी लॅबवर या, पूर्ण प्रिंट बघा. नाही आवडला तर आठव्या जागी कुस्तीचा देतो, तोही तयार आहे."

कुस्तीचा तयार होता, हे खरं. पण तो द्यावा लागणार नाही, याची मला जवळजवळ खात्री होती.

शुक्रवारी दिवसभर तेच काम. एवढा मोठा प्रिंट टेबलावर होत नाही. निगेटिव्ह मोठी करून दाखवणारा एनलार्जर आडवा करून प्रकाश भिंतीवर टाकायचा आणि भिंतीवर रोलचा कागद लावायचा. पहिला प्रिंट फिका आला. दुसऱ्यात चेहरा आला, पण त्याच्याभोवती काळं वलय उठलं, म्हणजे माझा हात एका जागी थांबला होता. तिसऱ्यात कागद सरकून खांब पुसट आला. चौथा डेव्हलपरच्या रसायनात उमटायला लागला तेव्हाच कळलं की जमलंय.

भोईर सहाला आले, सोबत त्यांचा सुतार. मी प्रिंट ओलाच काचेवर उभा केला. सूर मारणारी तशीच हवेत. तिच्या पुढे कमरेत वळलेली दुसरी मुलगी. हाफ पँट, ढगळ शर्ट, सुटलेली वेणी. मान मागे करून ती त्या ताणलेल्या बोटांकडे बघत हसते आहे. बोटं आणि टाच यांच्यामध्ये उन्हाची बारीक फट.

भोईरांनी वाकून ती फट जवळून बघितली.

"ही वाचली," ते म्हणाले. "मला वाटलं होतं बाद झाली."

"वाचली. मॅच पण त्यांनी जिंकली."

ते सुताराकडे वळले. "चौकोनी होगा क्या?"

"पॅनल तो कट गया, सेठ."

"नया काट. रविवार सुबह लगाने का."

रविवारी सुमनताई सूनबाई आणि मुलाबरोबर आल्या. लोक रिबनभोवती जमले होते, त्या सरळ भिंतीकडे गेल्या. स्वतःकडे थोडाच वेळ बघितलं. मग खालची पाटी सुनेकडून वाचून घेतली. मी लिहिलं होतं, 'पळतीवर सुमन, शेलार. सूर मारणारी खेळाडू, नाव अज्ञात.'

"अज्ञात कसं?" त्यांनी मला विचारलं. "तिचा पन नाव पायजेल. सूर तिनं मारला."

"तुम्हाला आठवतं?"

"कल्यानची व्हती. नाव न्हाय आठवत. शोधा तुमी."

मुलगा त्यांच्या मागे उभा होता. फोटोवरून त्याची नजर हलत नव्हती. मी त्याच्या हातात छोटा प्रिंट दिला, यावेळी पूर्ण फ्रेमचा.

शोधायला मला पाच महिने लागले. कल्याणच्या तीन शाळा, दोन निवृत्त क्रीडाशिक्षक आणि एक चुकीची बाई, एवढं झाल्यावर नाव मिळालं. पाटी बदलली. तिच्या घरून दोन प्रिंटची ऑर्डर आली. माझ्या संग्रहातला सगळ्यात जास्त विकला गेलेला फोटो तोच ठरला.

तेव्हापासून लॅबमध्ये एक नियम केला. खेळाडू हयात असेल तर आधी त्याला पूर्ण फ्रेम दाखवायची, मग काय कापायचं ते ठरवायचं. यात सज्जनपणा फारसा नाही. त्या आठवड्यात माझा निम्मा रोल वाया गेला होता, आणि साडेतीन फुटी कागद मुंबईहून मागवावा लागतो.