चादरींकडची बाजू

चिमट्याला चिमट्या हे नाव त्याच्या आईनेच पाडलं. लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात चादरी वाळत घालताना तिचे दोन्ही हात गुंतलेले असायचे, मग कपड्यांचे चिमटे ठेवायचे कुठे? रांगतं पोर शेजारीच बसलेलं असायचं. त्याच्या सदऱ्याला ती ओळीने चिमटे लावून ठेवायची आणि लागेल तसे काढून घ्यायची. पोर चालायला लागलं तसं चिमट्यांसकट तिच्या मागे दोऱ्यांखालून फिरू लागलं. पुढे त्याला मिसरूड फुटलं, आईशी बोलताना मान खाली घालावी लागेल इतका तो उंच झाला, पण नाव काही सुटलं नाही.

त्याच अंगणात लॉन्ड्रीवाल्यांचा फुटबॉल चालायचा. अंगण म्हणजे भलंमोठं, पण निम्मंच खेळायचं. उजव्या अंगाला खांब रोवून दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि त्यांवर हॉटेलांच्या नि दवाखान्यांच्या चादरी दिवसभर लोंबत असायच्या. आत वाळवायची यंत्रं होती, पण चादर उन्हातच वाळली पाहिजे हा मालकाचा हट्ट.

चादरींचा नियम एकच होता. बॉल चादरींत गेला तरी खेळ थांबायचा नाही. मात्र चादरीला ज्याचा हात, गुडघा, खांदा लागेल, त्याने ती परत धुवायची. आता दिवसभर धुवून आलेला माणूस खेळता खेळता आणखी एक चादर कशाला धुवेल? त्यामुळे मोठी माणसं तिकडे फिरकायची नाहीत. बॉल आत गेला की ओरडायची, "चिमट्या, घुस."

चिमट्या घुसायचा. दोन चादरींमधल्या बोळातून, अंग चोरून, बॉल पायाशी ठेवून बाहेर यायचा. आतून त्याला बाहेरची माणसं दिसायची नाहीत. दिसायचे फक्त चादरींच्या काठाखालचे पाय. कुणाचा पाय कुठे वळलाय, कोण कुठे निघालाय, हे तो पायांवरून ओळखायचा. त्याला वाटायचं, सगळं जग असंच खेळतं.

दुसरी गोष्ट मामाची. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, लॉन्ड्रीचा बॉयलर सांभाळणारा आणि गोलकीपर. सामन्याच्या मध्यावर दोन्ही संघ बाजू बदलतात, ही रीत त्याला मान्य नव्हती. "तिकडच्या गोलमधून मला बॉयलरचा काटा दिसत नाही," तो म्हणायचा. "काटा चढला आणि बॉयलर फुटला तर गोल मोजायला कोण राहणार आहे?" त्यामुळे बाजू कधी बदललीच नाही. पलीकडच्या गल्लीतले बेकरीवाले खेळायला यायचे तेही मुकाट कबूल व्हायचे. लॉन्ड्रीवाल्यांच्या उजव्या हाताला जन्मभर चादरी.

उरलेल्या निम्म्या अंगणात मात्र चिमट्या कुठेही खेळायचा. माणसं पाळ्यांवर. कधी पुढे खेळणारा चादरी इस्त्री करणाऱ्या रोलरवर अडकलेला, तर कधी मागचा गाडी भरायला गेलेला. जो नसेल त्याच्या जागी चिमट्या. आणि जिथे उभा करावा तिथे पोरगा छान खेळायचा. सगळे म्हणायचे, याच्यात काहीतरी आहे. काय आहे, हे कुणाला सांगता यायचं नाही.

अशात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका क्लबने तरुण पोरं निवडायची ठरवली. निवड झाली तर तिथेच राहायचं, खायचं, शिकायचं आणि खेळायचं. इकडे रोलरवरचा एक म्हातारा कामगार घरी बसला होता, आणि मालक विचारत होता, पोराला लावायचं का बोला, नाहीतर दुसरा बघतो. एकदा रोलरवर उभा राहिला की पोरगा तिथेच म्हातारा होणार, हे आईला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः चादरींच्या घड्या घालायच्या टेबलाशी म्हातारी होतच आली होती.

क्लबातून कळलं, रविवारी या, आणि कुठल्या जागेवर खेळता ते ठरवून या.

घड्यांच्या टेबलाशी आई नि वडील चादरीची दोन-दोन टोकं धरून उभे होते. वडील लॉन्ड्रीची गाडी चालवायचे. मामा काळे हात पुसत दारात आला.

"पुढे," वडील म्हणाले आणि टोकं घेऊन आईकडे चालत आले. "सरळ सांगायचं, मी पुढे खेळतो. गोल मारणाऱ्याचं नाव होतं. मागे उभा असतो त्याला कुत्रं विचारत नाही."

"मी मागेच उभा असतो, दाजी," मामा म्हणाला.

"म्हणून तर बोलतोय."

"ऐकलंस का गं? तुझ्या नवऱ्याला सांग, मी नसतो तर बेकरीवाल्यांनी आपल्याला पावाबरोबर भाजून खाल्लं असतं. पोरा, तू मागे राहा. मागून सगळं दिसतं."

"तुला फक्त काटा दिसतो, दादा," आई म्हणाली. "चिमट्या, तू आपला मधे उभा राहा. दोघांची तोंडं बंद होतील."

"पण मी सगळीकडेच खेळतो," चिमट्या म्हणाला.

"असं सांगितलंस की बाकावर बसवतील," मामा म्हणाला. "गरज पडली तर बोलावू म्हणतील, आणि गरज कधी पडायची नाही."

 चिमट्याने मनातल्या मनात स्वतःला पुढे उभं केलं, मागे केलं, मधे केलं. सगळीकडे तो बराच दिसत होता. त्याने आणखीच घोळ झाला.

रविवारी क्लबच्या मैदानावर पोचला तर मैदान दोन्ही बाजूंनी उघडं. इतकं उघडं की कुठे बघावं कळेना. कडेला बिनबाह्यांच्या बनियनांचे तीन ढीग होते. लाल पुढच्यांचे, पिवळे मधल्यांचे, निळे मागच्यांचे. निवड करणाऱ्या बाई गुडघ्याला पट्टा बांधून, गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या होत्या. एकेकाळी त्या स्वतः खेळायच्या, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं.

"घे लवकर," बाई म्हणाल्या. "लग्नाची खरेदी नाहीये."

वडिलांचा मान म्हणून चिमट्याने लाल उचलला. पुढे उभा राहिला आणि बॉल आला की डावीकडे वळू लागला. पुन्हा आला, पुन्हा डावीकडे. समोरच्या पोरांना ते लगेच उमगलं. ती आधीच डावीकडे जाऊन थांबू लागली.

"लाल काढ, पिवळा घाल," बाई म्हणाल्या.

पिवळ्यात तर तो आपल्याच पोरांवर धडकला. सगळीकडून पाय येत होते. इतके पाय त्याने एकदम कधी पाहिले नव्हते. तेवढ्यात बॉल उजव्या बाजूच्या रेषेबाहेर गेला. सगळे थांबले. चिमट्या थांबला नाही. तो बॉलच्या मागे बाहेर गेला, पोरांच्या पिशव्यांमधून बॉल काढला, पाण्याच्या पिंपाला वळसा घातला, अंग चोरून आत आला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या लाल बनियनवाल्याच्या पायावर नेमका पास टाकला.

शिट्टी वाजली. मैदान हसायला लागलं.

"बॉल बाहेर गेला होता," बाई म्हणाल्या.

"हो."

"मग?"

"मग आणला."

बाईंनी त्याला जवळ बोलावलं. "रेषा दिसत नाही का तुला?"

"दिसते. पण आमच्याकडे तिथे चादरी असतात."

"कुठे?"

"रेषेच्या जागी. आत बॉल गेला तरी खेळ चालूच असतो. फक्त चादरीला हात लावायचा नाही."

बाई थोडा वेळ त्याच्याकडे, मग पिशव्यांकडे, मग पिंपाकडे बघत राहिल्या. "मला काही समजलं नाही," त्या म्हणाल्या. "पण पिशवीला तुझा पायसुद्धा लागला नाही, ते मी पाहिलं. निळा घाल. उजवीकडे मागे उभा राहा, अगदी रेषेला धरून."

तिथे त्याच्या अंगावर जो पोरगा यायचा तो उंच, केसांना तेल लावलेला, नखरेबाज होता. खांदा इकडे टाकायचा, मान तिकडे फिरवायचा आणि भलतीकडूनच निघून जायचा. सकाळपासून त्याने सगळ्यांना असंच चकवलं होतं. चिमट्याला त्याचा खांदाही दिसला नाही आणि मानही. तो पाय बघत होता. पाय काही खोटं बोलत नव्हते. त्याने बॉल काढून घेतला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा तो पोरगा वैतागून म्हणाला, "अरे, वर बघ ना जरा."

"कशाला?" चिमट्याने खरंच विचारलं.

खेळ संपल्यावर बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ये. अख्खा सामना याच जागेवर खेळायचा. मग ठरवते."

"ही जागा म्हणजे?"

"राइट बॅक."

"आमच्याकडे ती जागाच नाही."

"चादरी असतात. ऐकलं मी."

घरी सांगितलं तेव्हा वडिलांचं तोंड उतरलं. "मागे? तेही कोपऱ्यात?"

"मी मागेच म्हणालो होतो," मामा छाती काढून म्हणाला. मग त्याची छाती हळूहळू खाली आली. "पण उजवीकडे? माझ्या उजवीकडे कोण कधी उभं राहिलंय?"

सगळे अंगणात गेले. मामा गोलमध्ये उभा राहिला आणि हाताने दाखवू लागला. "उजवीकडे सर. अजून. अजून सर की." सरता सरता चिमट्या चादरींच्या आत गेला. "आता थांब. कुठे आहेस तू?"

"दवाखान्याच्या चादरींत," आतून आवाज आला.

वडील तिथेच पायरीवर बसले. "क्लबवाले आपली थट्टा तर करत नाहीत ना?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी आईने जे केलं ते आजवर कुणासाठी केलं नव्हतं. सगळ्या चादरी उतरवल्या, दोऱ्या सोडून गुंडाळल्या आणि मालक यायच्या आत बेकरीवाल्यांना खेळायला बोलावलं. "रविवारपर्यंत माझं पोर याच जागेवर खेळणार," ती म्हणाली. "मालक ओरडला तर मी बघते."

आणि चिमट्या खेळलाच नाही. म्हणजे उभा होता, धावत होता, पण बेकरीवाले त्याच्या दोन्ही अंगांनी असे जात होते जसा तो तिथला खांबच. मामाने इतके गोल कधी खाल्ले नव्हते. "काटा बघू की बॉल बघू, काही कळेना," तो कुरकुरला.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

"कळत नाही. कुठे संपतं तेच कळत नाही," चिमट्या म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "चादरी लाव परत, आई. मी रोलरवर जातो."

"क्लबात तर जमलं होतं ना? तिथे कुठे होत्या चादरी?"

"तिथे रेषा होती."

 काहीतरी समजलं असं आईला वाटलं, पण काय ते शब्दांत येईना. तिने गुंडाळलेली एक दोरी उचलली, पहिल्या चादरी जिथे लोंबायच्या तिथे जमिनीवर सरळ अंथरली आणि वाऱ्याने हलू नये म्हणून थोड्या थोड्या अंतरावर दगड ठेवले.

"हे घे," ती म्हणाली. "हा चादरीचा काठ समज. पलीकडे धुतलेलं आहे."

त्यानंतर बेकरीवाल्यांचा एकही माणूस त्या बाजूने गेला नाही. मामा म्हणाला, पोराने नाश्ता नीट केला असेल. वडील म्हणाले, बेकरीवाले दमले. चिमट्याला विचारलं तर तो म्हणाला, "दोरी आहे ना." 

रविवारी आई आणि मामा दोघंही गेली. मामा सबंध सामनाभर क्लबच्या गोलमागे बॉयलर शोधत होता. मध्यावर दोन्ही संघांनी बाजू बदलल्या, पण चिमट्या तिथेच उभा राहिला. बाईंनी त्याला खांद्याला धरून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि तिथल्या उजव्या रेषेशी उभं केलं. क्षणभर तो बावरला. मग त्याने रेषा पाहिली, खाली मान घातली, आणि नखरेबाज पोरगा येताच त्याच्या पायातला बॉल काढून घेतला.

सामना संपल्यावर बाईंनी त्याला कपड्यांची पिशवी घेऊन राहायलाच यायला सांगितलं. "बाकीचं मी शिकवेन," त्या म्हणाल्या. "आधी वर बघायला." मग आईकडे वळून हळूच विचारलं, "हा चादरींचा प्रकार नक्की काय आहे हो?"

"आम्हालाही तसं नीट माहीत नाही," आई म्हणाली.

मालकाने रोलरवर दुसरा माणूस लावला. दोऱ्या पुन्हा खांबांवर चढल्या, चादरी पुन्हा लोंबू लागल्या. बॉल आत गेला की अजूनही कुणीतरी सवयीने "चिमट्या, घुस" म्हणून ओरडतं आणि मग सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहतात.

वडील हॉटेलात चादरींचे गठ्ठे उतरवतात तेव्हा तिथला भांडारवाला हटकून विचारतो, "पोरगा काय म्हणतो? गोल मारतो की नाही?"

"नाही. तो उजवीकडे मागे असतो."

"म्हणजे नक्की कुठे?"

वडील गठ्ठा खांद्यावरून खाली ठेवतात. हाताने हवेत मैदान काढतात, गोल काढतात, मामा काढतात. हात उजवीकडे नेतात आणि तिथेच अडकतात. शेवटी गठ्ठ्यावर थाप मारून म्हणतात,

"ह्या असतात ना, तिथे."