नॉर्वेवाल्याचा डावा हात

नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीने मला नऊ गावं दाखवली. कोलकात्यातल्या गार्डन रीचचं हे क्वार्टर दहावं. इथे पन्नाशीत मी पियानो शिकायला लागले, तेही नॉर्वेच्या एका जुन्या संगीतकाराच्या नादाने. फोनवर त्याची एक छोटीशी रचना ऐकली आणि बेचैन झाले. जेमतेम चार मिनिटांची, पण एका जागी म्हणून टिकत नव्हती.

शिकवणाऱ्या बाई बराकपूरला राहायच्या. आठवड्यातून दोनदा बस, मग सियालदहहून लोकल. बाई सत्तरी ओलांडलेल्या आणि फटकळ. मला वाटलं होतं, लहानपणी दहा वर्षं हार्मोनियम वाजवलीय, पट्ट्या त्याच, महिन्याभरात जमेल. कसलं काय! उजवा हात धावायचा आणि डावा पट्ट्यांवरून उठून हवेत मागेपुढे व्हायचा. भाता मारायची सवय. पहिल्याच दिवशी बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बायां हाथ किसको हवा देता है?" मला रडूच आलं.

त्या संगीतकाराबद्दलही त्यांनीच सांगितलं. एकच फुप्फुस धड, तरी मैफली करत देशोदेशी हिंडायचा. बाहेर गेला की घर आठवायचं, घरी आला की पाय शिवशिवायचे. मला त्याचा हेवा वाटायचा आणि रागही यायचा. निदान कुठे जायचं ते तो स्वतः ठरवत होता.

आठ महिन्यांनी डावा हात पट्ट्यांवर टिकला. त्या रचनेचं पहिलं पान दोन्ही हातांनी वाजलं. दुसरं उरलं होतं, तेवढ्यात बदलीचा हुकूम आला. बिलासपूर. ह्यांनी नेहमीसारखे खोके मागवले, मीही नेहमीसारखी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला बसले. चार भांडी झाली आणि हात पुढे चालेना. इतकी चिडले होते, पण नेमकी कुणावर ते कळत नव्हतं. तिथे अशा बाई कुठून मिळणार होत्या?

"तुम्ही पुढे व्हा," मी म्हणाले. "मी मागाहून येते."

त्यांना वाटलं, माझी तब्येत बरी नाही. मी सांगितलं, दुसरं पान बाकी आहे. माझं कुठल्या गावात काही अर्धवट राहिलंय, हे तीस वर्षांत त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं.

"तेवढं झालं की येशील ना?" त्यांनी हळूच विचारलं.

हो म्हणायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते एवढंच, "नॉर्वेवाल्याने पुष्कळ लिहून ठेवलंय."