आप्पांच्या गोडाऊनमधले माझे पॅटर्न

आप्पा गेले, आणि स्मशानातून परतताना लोकांनी मला पहिला प्रश्न विचारला, "पॅटर्न उचलून आणलेस का?"

विचारणारे वाईट नव्हते. धंदा कळणारे होते.

मी पंप बनवतो. त्यांचं कास्टिंग आप्पांच्या फाउंड्रीत व्हायचं. वाळूत ज्याचा ठसा उठवून लोखंड ओततात, तो पॅटर्न. बनवून घेतलेले मी, पण पडून असायचे आप्पांच्या गोडाऊनमध्ये. आपल्याकडं रीतच तशी आहे.

म्हणजे माझी शेंडी त्यांच्या हातात.

ॲग्रीमेंट एका पानाचं. त्यात याबद्दल अक्षर नाही.

मी एम.ए. इकॉनॉमिक्स. कुठलाच करार पुरा नसतो, हे वर्गात शिकलेलो. कागदावर नसलेलं काहीतरी घडतंच, आणि तेव्हा ज्याची मालकी त्याचं चालतं. म्हणून तर मोठ्या कंपन्या सप्लायरलाच विकत घेतात.

एकदा म्हणालो, "आप्पा, फाउंड्री मला द्या. तुम्ही मॅनेजर म्हणून रहा."

"घे की. पण मग भट्टी बंद पडली की मी तुला फोन लावणार आणि घरी जेवायला जाणार. आता बंद पडली तर घास उतरत न्हाय मला."

"आणि उद्या तुम्ही मला अडवलंत तर?"

"अडवीन की. तू काय गप बसणार हाईस व्हय?"

मला रागच आला. हट्टी माणूस.

पुढच्या उन्हाळ्यात, ऐन सीझनला, भट्टी खरंच बंद पडली.

आप्पांनी मला न विचारता माझे पॅटर्न टेम्पोत भरले आणि शेजारच्या फाउंड्रीत नेले. त्या मालकाशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. माझा माल ओतून होईपर्यंत तिथंच उभारले.

गिऱ्हाईक कायमचं तिकडं जाईल, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

मी विचारलं, "हे करारात कुठं होतं आप्पा?"

"करारात चहा बी न्हवता मर्दा. रोज पितोस की."

शेजारचा स्वस्त होता. मी गेलो नाही.

आज रक्षाविसर्जन झालं. घाटावरच त्यांची मुलगी वैशाली जवळ आली. आता फाउंड्री तिच्याकडं.

"दादा, तुमचं पॅटर्न टेम्पोत भरून देऊ काय? मला हे जमंल का न्हाय, ठाऊक न्हाय. माझ्यापायी तुम्ही अडकू नका."

अगदी बापासारखी बोलली. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

म्हटलं, "राहू देत तिथंच. सोमवारी भट्टी लाव. चहाला येतो."

तर विचारणाऱ्या सगळ्यांना सांगतो, पॅटर्न आणलेले नाहीत.

आप्पा, निवांत जा. नमस्कार.