इंदूवहिनीची जोडवी

या पानावर छापून येणाऱ्या हकिगतींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. पिंपळावरची बाई, पाठीमागून हाक मारणारा म्हातारा, अमावास्येचा नारळ... आमच्या घरी मासिक आलं की आई आधी हेच पान उघडते आणि मी ते उलटून पुढे जाते. भुतांवर उधळलेली ही शाई द्विभाषिक राज्याविरुद्ध वापरली असती तर बरं झालं असतं, असं मी संपादकांना एकदा कळवलंही होतं. त्यांनी ते छापलं नाही. आज त्याच पानासाठी लिहिते आहे, कारण घडलेली गोष्ट मी ऐकलेली नाही — हातात घेऊन तपासलेली आहे. तपासूनही ती सुटली नाही, म्हणून लिहिते.

आमची चाळ लालबागेत. चिंचपोकळी स्टेशनावर उतरून पूर्वेला चालत आलात की दोन गिरण्यांच्या भिंतींमधून एक बोळ आत जातो, त्याच्या टोकाला. तीन मजले, मध्ये चौक, चौकात नळ. मी इंटर सायन्सला होते. मराठी राज्याच्या चळवळीत परीक्षा राहिली. सध्या पत्रकं लिहिते, सायक्लोस्टाइल करते आणि स्वतःच वाटते.

दुसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारी इंदूवहिनी राहतात. त्यांचे यजमान गोविंददादा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गोळीबाराच्या त्या दिवसांत, जरा शांत झालंय असं वाटून, "दूध मिळतं का बघून येतो" म्हणून खाली उतरले ते परत आलेच नाहीत. इस्पितळं झाली, चौक्या झाल्या, तुरुंग झाले. शवागारातही दोघा-तिघांनी जाऊन पाहिलं. कुठल्याच कागदावर नाव नाही. जिवंतांत नाहीत, मेलेल्यांत नाहीत. सरकारच्या लेखी असा माणूस त्या दिवशी रस्त्यावर नव्हताच! या एका वाक्यावर मी पत्रक काढलं होतं. ते चांगलं खपलं, पण वहिनींना त्याचा काय उपयोग?

त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळाच होता. धाकटे दीर भिकाजी परळच्या एका खोलीत पंधरा-वीस माणसांत पथारी टाकून राहायचे. त्यांचं म्हणणं — दादा गेला, हे आता धरून चालावं. गावी जाऊन दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकावी, वहिनीने जोडवी उतरवावी आणि कणकवलीकडे सासूजवळ राहावं. खोली भिकाजींच्या नावावर व्हावी. चाळ कमिटीतल्या निम्म्या लोकांना हे रास्त वाटत होतं. एकट्या बाईला खोली कशाला, हा त्यांचा सवाल. वहिनी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात बदली कामगार म्हणून जायच्या, स्वतःचं भाडं स्वतः भरायच्या, हे कुणाच्या गणतीतच नव्हतं.

तर — गेल्या थंडीत दिल्लीचे एक बडे पाहुणे मुंबईला येणार होते आणि आम्हाला काळी निशाणं हवी होती. बाजारात काळं कापड मागितलं की दुकानदार आधी तोंडाकडे बघत. तेव्हा रंगखात्यात काम करणारे दाजी म्हणाले, "मांजरपाट आणा, रंग मी आणतो." कुठून, ते कुणी विचारलं नाही.

तो गंधकाचा काळा रंग. सल्फाइड घालून उकळतात. दुपारी चौकात लोखंडी पिंप चढलं आणि वास असा सुटला की वरच्या मजल्यावरून आई ओरडली, "शाले, तुझा वास भातात येतोय गं!"

"माझा नाही, गंधकाचा!"

"कुणाचाही असो, तुझ्यामुळेच आलाय ना!"

या रंगाची एक गंमत आहे. कापड पिंपातून बाहेर येतं तेव्हा हिरवट, शेवाळ्यासारखं असतं. हवा लागली की बघता बघता काळं होत जातं. बायका काठ्यांनी कापड ढवळत होत्या, पिळत होत्या, चौकभर बांधलेल्या दोऱ्यांवर टाकत होत्या. इंदूवहिनीही होत्या. पिंपाच्या अगदी जवळ त्याच होत्या, आणि सांडलेलं पाणी सगळ्यांत जास्त त्यांच्याच पायांवर उडालं होतं. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

बायका पाय धुवायला नळावर गेल्या तेव्हा चाळीतल्या यमूताईंनी किंकाळी फोडली, "अगो बाय माझे! माज्या जोडव्यांक काय झाला गो!"

यमूताईंची जोडवी काळी पडली होती. मग पाहिलं तर सगळ्यांचीच. पोरांचे चांदीचे करदोटे काळे, तळमजल्यावरच्या देव्हाऱ्यातले टाकसुद्धा काळे. एकच गलका उडाला. सवाष्णींची जोडवी एकदम काळी, म्हणजे देवाचा कोप, चाळीवर काहीतरी येणार...

दाजी म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं का, चांदी काढून ठेवा?"

"कधी सांगितलंत?"

"सांगणारच होतो!"

मी नळाच्या कट्ट्यावर चढले. आयतीच सभा होती. सांगितलं, हा कोप नाही, केमिस्ट्री आहे. गंधक आणि चांदी एकत्र आली की चांदीवर काळा थर धरतो. अॅल्युमिनिअमच्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून उकळा, निघून जाईल. शास्त्र आहे — शास्त्र सवाष्ण बघत नाही, विधवा बघत नाही. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं.

तेवढ्यात यमूताई म्हणाल्या, "इंदू, तुजे पाय बघू."

वहिनींची जोडवी पांढरी होती. नुसती पांढरी नव्हे — लख्ख.

मग दोन-तीन बायका एकदम वाकून बघायला लागल्या आणि वहिनी पाय लुगड्याखाली ओढून घेऊ लागल्या.

"चांदी नसेल ती," मी म्हटलं. "जर्मन सिल्व्हर असेल."

वहिनींचा चेहरा उतरला. "माझ्या बाबांनी दोन म्हशी विकून लग्न केलं गो माझं. लोखंड घातलं असतं तर कळलं नसतं का मला?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, मला तपासू द्या. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "एकाच पायाचं काढते. दुसरं राहू दे."

ते जोडवं घेऊन मी लालबागच्या सोनाराकडे गेले. त्याने कडेला कानस मारली, तेजाबाचा थेंब टाकला आणि मलाच विचारलं, "विकायचंय? चांगली चांदी आहे." म्हणजे चांदी — वरून नाही, आतपर्यंत. मग मला वाटलं, तेलातुपाचा थर असेल. शिकेकाईने धुतलं, सोड्याने घासलं, गरम पाण्यातून काढलं. पिंपात तळाला उरलेलं पाणी दाजींनी ठेवलं होतं, ते वाटीत घेतलं. आईची चांदीची चमची चोरली. एका वाटीत जोडवं आणि चमची शेजारी शेजारी टाकली.

चमची आधी पिवळट, मग तपकिरी, मग निळसर, शेवटी काळी झाली. आईने त्याबद्दल मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

जोडवं बाहेर काढून पुसलं. पांढरं! सोनाराने कानस मारलेली कड — उघडी, ताजी चांदी, तिने तरी काळं पडायला नको? पडली नाही. पुन्हा टाकलं, रात्रभर ठेवलं. तसंच.

आता खरी चीड आणणारा भाग. चाळीने निकाल लावून टाकला होता — जोडवी पांढरी, म्हणजे गोविंद जिवंत! ज्या बायका सहा महिने हळदीकुंकवाला वहिनींना टाळत होत्या, त्या आता ओटी घेऊन यायला लागल्या. पलीकडच्या चाळीतल्याही आल्या. एकीने तर पायांवर डोकं ठेवलं. मला लाज वाटली. एवढी सभा-संमेलनं, एवढी पत्रकं, आणि ही माणसं दोन जोडव्यांपुढे रांग लावतात!

रविवारी कमिटी बसली, चौकातच. भिकाजी उभे राहिले आणि थेट माझ्याकडे वळले.

"ताई, तुम्ही शिकलेल्या. चांदी पांढरी राहिली म्हणजे माणूस जिवंत, असं तुमच्या पुस्तकात आहे काय?"

"नाही," मी म्हटलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"मग काय आहे पुस्तकात?"

"काळी पडायला हवी होती, असं आहे."

"ऐका!" यमूताई ओरडल्या. "पुस्तक पण ताच सांगता!"

हशा आणि गोंधळ उसळला. मी त्याच्याही वर आवाज चढवून सांगितलं, की असं का झालं ते मला माहीत नाही. आणि ते माहीत असण्याची गरजही नाही. गोविंददादा असोत की नसोत, भाडं वहिनी भरतात, कष्ट वहिनी करतात, तेव्हा खोली वहिनींचीच. नवरा मेला म्हणून बाईचं छप्पर काढून घेणारे तुम्ही, दिल्लीकडे कुठल्या तोंडाने न्याय मागता?

अण्णा, आमचे अध्यक्ष, खाकरले. "झालं का भाषण? छान होतं. आता कामाचं बोलू."

कामाचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. जोडवी पांढरी आहेत तोवर क्रिया नाही, आणि क्रिया नाही तोवर खोली जिथे आहे तिथेच. माझ्या मुद्द्यावर एक शब्द कुणी बोललं नाही.

भिकाजी भांडले नाहीत. जाताना वहिनींसमोर थांबून एवढंच म्हणाले, "दादा असेल तर मला खोली नको, वहिनी. देवाशपथ नको. पण असेल... तर येत का नाही?" आणि तसेच बोळातून निघून गेले. त्या माणसावर मी जहाल पत्रक लिहिणार होते. लिहिलं नाही.

निशाणं दाखवून झाली, लाठ्या खाऊन झाल्या. मराठी राज्य अजून मिळालेलं नाही. मध्यंतरी मी वहिनींना स्पष्टच सांगितलं, "हा पुरावा नाही हं. जोडव्यांचा आणि माणसाच्या जगण्या-मरण्याचा काही संबंध नसतो."

"मला काय समजत नाही?" त्या तांदूळ निवडत म्हणाल्या. "पण तुझं पत्रक वाचून मला खोली ठेवली असती कुणी?"

मीही सुपातले तांदूळ निवडायला बसले.

मला वाटलं होतं, बाई सुटली. तसं झालेलं नाही. त्या दिवसापासून वहिनी स्वतःच्या पायांकडे बघत नाहीत. नळावर पाय धुताना मान वर असते. जिना उतरतानासुद्धा समोर बघून उतरतात. एकदा पडता पडता वाचल्या. संध्याकाळी कामावरून आल्या की आमच्या दारात उभ्या राहतात आणि भिंतीकडे तोंड करून विचारतात, "शालू, बघ गो. पांढरीच आहेत ना?"

मी बघते. पांढरीच असतात. चाळीतल्या बाकीच्या बायकांची जोडवी मुंबईच्या हवेत आपोआप मळकट होतात. ही होत नाहीत. का, ते मला ठाऊक नाही. कॉलेजातल्या सरांना विचारलं, त्यांनी "नीट धुतलं नसशील" म्हणून वाटेला लावलं. वाचकांपैकी कुणाला खरंच ठाऊक असेल तर सांगावं. देवाचं नाव न घेता सांगावं.

आणखी एक गोष्ट मला उलगडत नाही. वहिनींनी विचारलं की मी लगेच वाकत नाही. आधी दाराची चौकट धरते. दोन जोडव्यांनी माणूस जगत नाही की मरत नाही हे मी चौकात ओरडून सांगितलेलं आहे, आणि ते आजही मला मान्य आहे. मग काल संध्याकाळी त्या येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा माझ्या तोंडून न बघताच "पांढरी आहेत, वहिनी" असं का निघालं?

त्या खोलीत गेल्या. जोडवी बघायला मी मागाहून गेले.