दोघांचा डबा

"डॉक्टर, सही करून टाका. टाकीवर चढणारा माझा एकच अनुभवी फिटर आहे," मेंटेनन्स मॅनेजर म्हणाले. तो फिटर, महादेव, बाही वर करून समोरच बसला होता. बीपी दुसऱ्यांदा मोजलं. एकशे सत्तरच्या खाली येईना.

मी पेणला राहतो. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत आठवड्यातून दोन दिवस जातो. तिथे शटडाउन तोंडावर आला होता, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायची वर्षाची दुरुस्ती. उंचीवर काम करायला 'हाइट पास' लागतो आणि त्यावर डॉक्टरची सही लागते. मी केली नाही. मॅनेजर निघून गेले.

महादेव वडखळकडचा, खाडीकाठचा माणूस. महिन्यापूर्वीच मी त्याला गोळी सुरू केली होती आणि एक छापील कागद दिला होता. मीठ कमी, रोज चालणं, वेळेवर जेवण, वेळेवर झोप. गोळी घेतोस का, विचारलं. म्हणाला, आठवली तर. जेवण? सुकट, भात, लोणचं. कधी नुसता चहा. मी जरा चिडूनच विचारलं, घरी कोणी बघत नाही का? बायको जाऊन आठ महिने झाले होते. तीन वर्षं मी त्याला तपासत होतो, आणि मला हे माहीत नव्हतं.

"कागद वाचला मी," तो म्हणाला. "बरोबर हाय समदा. पन एकट्यासाठी रांधावासा वाटत नाय."

कॅन्टीनलाही तो जात नव्हता. लोक विचारतात, कसा आहेस, त्यांना काय सांगायचं? म्हणून वर्कशॉपमध्येच काहीतरी खायचा.

त्याला विचारून मी हे मॅनेजरना सांगितलं. त्यांनी शिफ्टचा तक्ता पुढे ओढला. मग म्हणाले, "पास नका देऊ. खालचं काम देतो." त्यांनी त्याला फिरत्या शिफ्टमधून काढून दिवसाची जनरल शिफ्ट दिली. दुसऱ्या दिवशी स्वतःचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. कसा आहेस, असं विचारलं नाही. गळक्या व्हॉल्व्हबद्दल बोलत दोघांनी भाजी-भाकरी वाटून घेतली. हे रोजचं झालं. जेवण झालं की गोळी, मग गेटपर्यंत एक फेरी. पंधरा-वीस दिवसांनी महादेव स्वतःच म्हणाला, चला कॅन्टीनला.

शटडाउन दोन दिवस लांबला. मॅनेजरना वरून बोलणी खावी लागली. बीपी ताब्यात यायला चार महिने गेले, आणि त्यात गोळीचा वाटा मोठा होता, हे डॉक्टर म्हणून सांगायलाच हवं. पण गोळी रोज पोटात जायला लागली ती त्या डब्यामुळे. पाचव्या महिन्यात मी पासवर सही केली.

तपासणीच्या फॉर्ममध्ये वजन, उंची, नजर, सगळ्याला रकाने आहेत. कोणाबरोबर जेवता, याला नाही. ते मी आता समासात लिहितो.